पडद्यामागची खोली

"राहतो," मी म्हणाले.

"जातो," हे म्हणाले.

"राहतो. दार आतून लागलंय. नीट ऐका की."

"आतनं लावलं काय आणि बाहेरनं ओढलं काय, दाराचा आवाज तोच. तुला काय लाकूड येऊन सांगतंय?"

"आणि ती रडते ती? ते सुखाचं रडणं आहे."

"तू कधी सुखानं रडलीस गं? मी तरी बघितलं नाही."

आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून बसलो होतो. भिंतीपलीकडं सिनेमा सुटला होता, खुर्च्या आपटत होत्या, माणसं खोकत, बोलत बाहेर पडत होती. तेवढ्यात कुणी शेवटाबद्दल काही बोललं तर कानावर पडू नये म्हणून मी घाईघाईनं घासलेलीच पितळी पुन्हा खडखडवून घासायला घेतली. तीन आठवडे रोज संध्याकाळी आमच्या घरी हेच चाललं होतं.

जयसिंगपुरात टॉकीजच्या मागच्या अंगाला, पडद्याच्या भिंतीला चिकटून एक खोली होती. मालकानं ती ऑपरेटरसाठी बांधली होती. पण दिवसभर सिनेमा दाखवून घरी आल्यावर पुन्हा तोच सिनेमा ऐकायचा म्हटल्यावर ऑपरेटर वैतागून गावात राहायला गेला आणि खोली आम्हाला मिळाली. आमचं नवं लग्न. हे, म्हणजे धनपाल, एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या लेथवर टर्नर होते. मी घरी साड्यांना फॉल लावायची, ब्लाऊज शिवायची. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवून ताटं घासून पालथी घालायची, रात्री अन्नाला हात लावायचा नाही, असं दोन्ही घरचं वळण. त्यामुळं जेवणं उरकली की पुढं संध्याकाळ लांबच लांब पसरलेली असायची. ती भरून काढली त्या भिंतीनं. सहाच्या खेळाची घंटा झाली की हे चटई पसरायचे आणि आम्ही पडद्याच्या उलट्या बाजूला बसून सिनेमा ऐकायचो.

आत जाऊन मात्र एकही पाहिला नव्हता. घरबसल्या ऐकू येतंय तर तिकीट कशाला काढा, असं हे म्हणायचे. मलाही ते पटायचं, कारण ऐकून ऐकून मी माझी माणसं मनात तयार केलेली असायची. माझी नायिका नेहमी माझ्या धाकट्या मावशीसारखी दिसायची आणि खलनायक ह्यांच्या वर्कशॉपच्या सुपरवायझरसारखा. हे त्यावर पोट धरून हसायचे.

पण हा सिनेमा वेगळा निघाला. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातलं कुणीतरी माझं भलं करायचं म्हणून मला शेवट सांगून टाकेल, आणि तेच मला नको आहे.

त्यातला नायक दूर कुठंतरी बोटीवर नोकरीला निघालेला असतो. शेवटच्या प्रसंगात तो दाराशी येतो. नायिका म्हणते, "जायचंच असेल तर जा. पण माझ्याकडं न बघता जा." त्यानंतर सगळं गप्प. संगीत नाही, बोलणं नाही, पायांचा आवाजसुद्धा नाही. एक घास चावून गिळावा एवढा वेळ नुसती शांतता. मग दार लागतं. मग तिचा एक हुंदका, थोडी सनई आणि सिनेमा संपतो.

त्या शांततेत काय होतं, ते भिंतीतून दिसत नव्हतं.

आता खरं सांगायचं तर आम्हाला त्या नायकाचं काही पडलेलं नव्हतं. त्याच दिवसांत ह्यांच्या वर्कशॉपमधल्या भूपालनं बातमी आणली होती. भूपालचा मेहुणा मस्कतला होता. तिथल्या कंपनीला लेथवाले हवे होते, तीन वर्षांसाठी. महिनाअखेरच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं भूपाल मुंबईला जाणार होता आणि ह्यांनी त्याआधी होय की नाही ते सांगायचं होतं. ह्यांनी हे मला एकदाच सांगितलं, मोरीत हात धुता धुता, पाठ करून. "भूपाल म्हणतो मस्कतला जागा आहे." मी म्हणाले, "बरं." झालं. त्यापुढं त्या विषयावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही.

मी 'जाऊ नका' म्हणाले असते तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, की बायकोनं पाय ओढला, नाहीतर धनपालचं नशीब उघडलं होतं. माझ्याच मनानं मला ते ऐकवलं असतं. आणि 'जा' म्हणायला तोंड उघडत नव्हतं. ह्यांच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून आम्ही सगळं भांडण त्या बिचाऱ्या नायकाच्या डोक्यावर टाकून मोकळे झालो होतो. मी म्हणायची राहतो, हे म्हणायचे जातो. आणि रोज रात्री ह्यांचं ते 'जातो' ऐकून मला झोप लागायची नाही.

मंगळवारी संध्याकाळी टॉकीजचे डोअरकीपर इमामचाचा मागच्या दारानं पाणी प्यायला आले. रोजच यायचे. आमची पैज त्यांना ठाऊक होती आणि गोष्ट पोटात ठेवायचा त्यांना मनस्वी त्रास व्हायचा.

"गुरुवारी शेवटचा दिवस बघा," तांब्या खाली ठेवत ते म्हणाले. "शुक्रवारी नवा लागतोय. मग बसा जन्मभर भांडत. सांगू का आता?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"अहो, मग जाऊन बघा की एकदाचा! एवढ्या जवळ राहून कुणी एवढं लांब असतं का?" असं म्हणून ते गेले.

भूपालची गाडीही त्याच शुक्रवारची होती. मग हे हळूच म्हणाले, "जायचं?"

माझ्या छातीत असं धडधडलं, की जणू मलाच कुणी मस्कतला निघायला सांगितलं होतं. "कधी?"

"गुरुवारी. सहाचा."

"मधल्या वारी?"

"मग काय झालं? आणि जायचंच तर नीट जायचं. बाहेर जेवायचं. सांगली रोडला ते नवं हॉटेल झालंय न्हवं, बागेचं, तिथं."

"नान मिळतो तिथं," मी म्हणाले. शेजारच्या वकिलीणबाई नान खाऊन आल्या होत्या आणि आठवडाभर त्याच नानाचं कौतुक करत होत्या. पोळी नाही, भाकरी नाही, मग आहे तरी काय ते मला बघायचंच होतं.

सिनेमा आणि हॉटेल एकाच दिवशी, तेही गुरुवारी, घरात सण नाही, पाहुणा नाही! आम्ही चटईवर बसून बेत करायला लागलो. सिनेमा सहाला. दिवसही त्या सुमाराला मावळतो, थंडीचे दिवस. म्हणजे जेवण आधीच हवं. "नंतर नकोच," मी म्हणाले. "नंतर दोघांतलं एक हरलेलं असणार. हरलेल्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही." ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

बुधवारी ह्यांना वर्कशॉपमधून लवकर सुटायची परवानगी काढायची होती. दाढ दुखते म्हणून सांगा, असं मी पढवून पाठवलं होतं. पण ह्यांना खोटं बोलताना कान लाल होतात. सुपरवायझरनं "काय काम आहे?" विचारल्यावर तोंडातून सरळ निघालं, "बायकोला घेऊन सिनेमाला जायचंय." सगळ्या शेडनं लेथ थांबवून शिट्ट्या मारल्या म्हणे. सुपरवायझर हसला आणि म्हणाला, "जा बाबा. एवढं खरं कारण मला आजवर कुणी दिलं नव्हतं." त्या दिवसापासून माझ्या मनातला खलनायक बदलावा लागला.

माझ्याकडं गिऱ्हाइकांच्या साड्यांचा ढीग पडला होता. तो तसाच बाजूला सारून मी आंबा रंगाच्या साडीवरचं स्वतःचं ब्लाऊज शिवायला घेतलं. लग्नात आलेलं कापड, तसंच पडलं होतं. मशीन चालवताना मी गुणगुणत होते. गुरुवारी दुपारी वेणी घातली, ती उसवली, पुन्हा घातली. मस्कतची आठवण आली की मी मनातल्या मनात म्हणायची, आधी नान, मग सिनेमा, मग काय ते.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा आम्ही हॉटेलात पोचलो. हिरवळ, रंगीत बल्बांच्या माळा, वेताच्या खुर्च्या. चिटपाखरू नव्हतं. एक वेटर खुर्चीवर पाय टाकून डुलकी काढत होता.

"जेवायचंय," हे म्हणाले.

वेटरनं आधी आमच्याकडं आणि मग आभाळाकडं बघितलं. "जेवण सातनंतर, साहेब. भट्टी पेटली नाही अजून. चहा आणू?"

"सातनंतर आम्ही जेवत नाही," मी म्हणाले.

"मग जेवता कधी?"

"आत्ता."

त्याला काही समजेना. एवढा सगळा बेत केला, पण हॉटेलातली माणसं रात्री जेवतात हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून मालक आला. पोटाला फडका बांधलेला, गोरापान, शेट्टी होता बहुतेक. "जैन का?" त्यानं विचारलं. "तुमची माणसं येतात की रविवारी. पण सांगून येतात, मग मी भट्टी लवकर पेटवतो. बसा, बसा. पेटवतो."

"सूर्य मावळायच्या आत होईल?" ह्यांनी विचारलं.

मालकानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, पश्चिमेकडं बघितलं आणि आत ओरडला, "अरे, कोळसा टाका! लवकर!"

मग जी धांदल उडाली ती काय सांगू. वेटर पंखा घेऊन पळाला. आतून धूर यायला लागला. मालक दर थोड्या वेळानं बाहेर येऊन सूर्य कुठवर गेला ते बघायचा आणि आत जाऊन आचाऱ्याला शिव्या घालायचा. आम्ही दोघं हिरवळीवर समोरासमोर बसून सूर्याकडं डोळे लावून होतो. मला एवढं हसू येत होतं, की पदर तोंडात धरला होता.

आणि अशात हे एकदम म्हणाले, "त्रिशला, मी विचार केला. तो राहत असेल."

माझं हसू गेलं. "कोण?"

"तो. सिनेमातला."

"तीन आठवडे तर तुम्ही जातो म्हणत होता."

"आता वाटतंय राहतो. तू म्हणतेस तेच बरोबर असणार. दार आतूनच लागलेलं वाटतंय."

मला राग आला. म्हणजे मनात जायचं आहे आणि माझ्यासाठी राहायचं म्हणताय! उद्या राहाल आणि प्रत्येक वेळी लेथसमोर उभं राहून मस्कत आठवाल. मला नको होतं तसं राहणं. "नाही," मी म्हणाले. "मीही विचार केला. तो जातो. चांगली नोकरी असेल तर माणसानं जावंच. कुणाच्या रडण्यापायी थांबू नये."

"आता तू का पालटलीस?"

"तुम्ही पालटला म्हणून."

"माझ्यासाठी पालटू नकोस."

"मग तुम्ही कुणासाठी पालटला?"

 हे बोटांनी टेबलावर पडलेला पाण्याचा थेंब ओढत बसले. माझे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून मी पुन्हा सूर्याकडं बघायला लागले. तेवढ्यात मालक स्वतः ताट घेऊन पळत आला. "घ्या! अजून कडा वर आहे! खा, खा!"

गरम, फुगलेला, काठाला काळे डाग पडलेला नान. सोबत दाल आणि कसलीशी लाल भाजी. बोटं भाजत होती, पण आम्ही फुंकर घालायलासुद्धा थांबलो नाही. मालक कमरेवर हात ठेवून पश्चिमेला तोंड करून उभा, "आहे, आहे, अजून आहे," म्हणून सांगत होता. शेवटचा घास मी तोंडात टाकला आणि तो म्हणाला, "गेला!" वेटरनं टाळ्या वाजवल्या. वकिलीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या. नान फार चांगला लागला, पण पोटात कुठं गेला ते कळलं नाही.

पळत पळत टॉकीज गाठली. घंटा झाली होती. इमामचाचा बॅटरी घेऊन दारातच उभे होते. "पडद्यामागची माणसं आज पुढं आली!" म्हणत त्यांनी आम्हाला बाल्कनीत नेऊन बसवलं.

पहिली काही मिनिटं मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. नायिका मावशीसारखी अजिबात नव्हती. खलनायक तर चांगला देखणा होता. मग सिनेमात सारखा येणारा तो खडखड आवाज आला. तीन आठवडे मी तो टांगा समजत होते आणि पडद्यावर दिसलं शिवणयंत्र! स्वतः दिवसभर मशीन चालवणारी मी, मला ते ओळखू येऊ नये! मी फिदीफिदी हसले. हेही हसायला लागले. मग आम्हाला चेवच चढला. प्रत्येक वाक्य पाठ होतं, त्यामुळं पडद्यावरचं माणूस तोंड उघडायच्या आधी आमच्या तोंडून वाक्य निघायचं. पुढच्या रांगेतले टोपीवाले गृहस्थ वळले.

"अहो, कितव्यांदा बघताय?"

"पहिल्यांदाच," हे म्हणाले.

गृहस्थांनी कपाळाला हात लावला.

पण शेवट जवळ आला तसे आम्ही गप्प झालो.  नायकानं पेटी उचलली. तो दाराशी आला.  तीन आठवडे जे दिसत नव्हतं ते आता दिसणार होतं, आणि मला कळून चुकलं की त्यानं काहीही केलं तरी मला त्याचा उपयोग नव्हता. तो राहिला म्हणून हे राहणार नव्हते, आणि तो गेला म्हणून मला सहन होणार नव्हतं.

नायिका म्हणाली, "जायचंच असेल तर जा. पण माझ्याकडं न बघता जा."

आणि ती शांतता आली.

मी पडद्याकडं बघितलंच नाही. ह्यांना काय वाटतंय ते बघायला म्हणून माझी मान वळली. वळली तर हे आधीच माझ्याकडं बघत होते. पडद्याचा उजेड ह्यांच्या तोंडावर हलत होता आणि ह्यांचे डोळे गच्च भरलेले होते. तीन आठवडे 'जातो, जातो' म्हणणारा माणूस लहान मुलासारखा घाबरलेला दिसत होता. ह्यांना जायचं नव्हतं. कधीच जायचं नव्हतं. मी म्हणेन 'जा', याचीच भीती ह्यांना बसली होती, म्हणून रोज माझ्या तोंडून 'राहतो' ऐकण्यासाठी हे 'जातो' म्हणत होते. ते एका क्षणात मला कळलं.

"जाऊ नका," मी म्हणाले.

हळू म्हणायचं होतं. पण तीन आठवडे दाबून ठेवलेलं ते, हळू कसं निघणार? त्या शांततेत माझा आवाज सगळ्या टॉकीजभर घुमला. खालून थर्ड क्लासातून कुणीतरी शिट्टी मारली. टोपीवाले गृहस्थ पुन्हा वळले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, सिनेमा आहे तो."

"नाही जात," हे म्हणाले. तेही मोठ्यानं.

सगळी बाल्कनी हसली. तेवढ्यात दार लागलं. हुंदका आला. सनई वाजली. आम्ही दचकून पडद्याकडं बघितलं, तर तिथं नुसतं बंद दार आणि त्यावर 'समाप्त'.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी बघितलं नाही," हे म्हणाले. "तू?"

"मीपण नाही."

दिवे लागले. माणसं उठली आणि सगळीकडं शेवटाच्याच गोष्टी सुरू झाल्या. ह्यांनी एकदम दोन्ही कानांत बोटं घातली. मीही घातली. तसेच, कानांत बोटं घालून, नटूनथटून आलेले नवराबायको आम्ही जिना उतरलो. इमामचाचा दाराशी वाट बघत होते. त्यांचे ओठ हलले, "कोण जिंकलं?" असंच काहीतरी असणार. आम्ही मान हलवत, हसत पुढं निघून गेलो. टॉकीजला वळसा घालून आमच्या दाराशी येईपर्यंत मी हसत होते आणि दाराशी आल्यावर रडायला लागले.

"हे कुठलं रडणं?" ह्यांनी विचारलं.

"सुखाचं," मी म्हणाले. "बघून घ्या नीट. बघितलं नाही म्हणत होता न्हवं?"

दुसऱ्या दिवशी हे भूपालला नाही म्हणून सांगून आले. भूपाल दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेला. पुढं आमची स्वतःची शेड झाली, तिच्यात लेथ आले, मुलगा झाला, त्याचं लग्न झालं. टॉकीज पाडून तिथं दुकानं झाली.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी सून टीव्ही लावून बसली होती. मी आत भाजी निवडत बसले होते आणि एकाएकी शिवणयंत्राची ती खडखड कानावर आली. बाहेर आले तर हे आधीच खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेले.

"आई, हा सिनेमा बघितलाय तुम्ही?" सुनेनं विचारलं.

"शेवट सोडून सगळा," मी म्हणाले.

"मग बसा की. आता शेवटच आहे."

नायकानं पेटी उचलली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. दोघं उठलो. ह्यांचे गुडघे आता लवकर वळत नाहीत, मी हात दिला. स्वयंपाकघरात जाऊन आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. पलीकडं ती म्हणाली, "माझ्याकडं न बघता जा." मग सगळं गप्प झालं. मग दार लागलं.

"जातो," हे म्हणाले.

"राहतो," मी म्हणाले.

"आई," बाहेरून सून ओरडली, "सांगू का काय झालं ते?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.